गंध ऐकणारी माणसं : जपानी चित्रांतली धूपसभा

जपानी लाकडी ठशांची चित्रं म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा होकुसाईची लाट येते, नाहीतर हिरोशिगेचा तिरपा पाऊस. आज आपण त्या वाटेने जाणार नाही. त्याच चित्रपरंपरेतला एक शांत प्रकार बघणार आहोत. त्यात लाट नाही, पाऊस नाही, काही घडतानाही दिसत नाही. दरबारी वेशातल्या काही स्त्रिया चटईवर बसल्या आहेत. एकीच्या डाव्या तळहातावर पेल्याएवढं एक भांडं आहे, उजव्या हाताची पोकळ मूठ त्या भांड्यावर झाकणासारखी धरली आहे आणि मान किंचित खाली आहे. बाकीच्या आपली पाळी येण्याची वाट बघतायत. बाजूला लाखकामाची पेटी, घडी घातलेल्या कागदाच्या लहान पुड्या, शाई आणि कुंचला.

ही धूपसभा. एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या अडीचशे-पावणेतीनशे वर्षांत, आणि त्यानंतर मेइजी काळातही, अनेक चित्रकारांनी हा विषय घेतला. आपल्या दृष्टीने यात एक कोडं आहे. चित्राला वास नसतो. मग वास हाच ज्या प्रसंगाचा प्राण, तो प्रसंग चित्रात का काढायचा? आणि जी माणसं दरबाराच्या दारापर्यंतही पोहोचली नसती, त्यांनी तो पैसे देऊन विकत का घ्यायचा?

या दोन प्रश्नांच्या मागे तिसरा, जास्त महत्त्वाचा प्रश्न उभा आहे. दुर्मिळ आणि नाजूक गोष्ट सगळ्यांची होऊ शकते का? का सगळ्यांची झाली की ती संपते? धूपाच्या बाबतीत हा प्रश्न अक्षरशः खरा आहे, कारण धूप वापरला की जळून जातो. तेव्हा हे धागे एकेक करून सोडवू.

आधी लाकडाकडे वळू. धूपसभेत जे तापवलं जातं ते अगुरूचं लाकूड. अक्विलारिया जातीच्या झाडाला जखम झाली, बुरशी लागली, की झाड बचावासाठी आत राळ तयार करतं. वर्षानुवर्षं ती राळ लाकडात मुरते आणि ते लाकूड काळपट, जड, सुगंधी होतं. म्हणजे निरोगी झाडाला हा वास नाही. झाडाच्या दुखण्यातून तो येतो. जपानी आणि चिनी लोक त्याला 'पाण्यात बुडणारा सुगंध' अशा अर्थाचं नाव देतात, कारण उत्तम प्रतीचा तुकडा पाण्यात तळाला जातो. आपला संस्कृत शब्द 'अगुरू', म्हणजे शब्दशः 'जड नसलेलं'! एकाच लाकडाची ही दोन नावं, आणि अर्थ बरोबर उलटे.

आपल्या घरात या लाकडाचं नाव रोज घेतलं जातं, फक्त आपल्या लक्षात येत नाही. अगरबत्तीतला 'अगर' म्हणजे अगुरू. उदबत्तीतला 'ऊद' हा अरबी शब्द, आणि तोही याच लाकडासाठी वापरतात. आज आपल्या बाजारात ऊद म्हणून जे मिळतं ती वेगळ्या झाडाची राळ आहे, आणि बहुतेक अगरबत्त्यांत अगर नावालाही नसतो. वस्तू गेली, नाव राहिलं. वस्तू गेल्यावर मागे काय उरतं, हा प्रश्न आज आपल्यासोबत शेवटपर्यंत राहणार आहे.

जपानच्या जंगलांत हे झाड होत नाही. तिथल्या धूपाच्या इतिहासाची सुरुवातच परदेशातून वाहत आलेल्या एका ओंडक्यापासून होते. 'निहोन शोकी' हा ७२० मध्ये पूर्ण झालेला इतिहासग्रंथ. त्यात ५९५ सालची नोंद आहे. सम्राज्ञी सुइकोच्या काळात आवाजी बेटाच्या किनाऱ्याला एक ओंडका लागला. बेटावरच्या लोकांना त्याची पारख नव्हती, त्यांनी तो सरपण म्हणून चुलीत घातला. धुराचा वास दूरवर पसरला तेव्हा ते चपापले आणि तो ओंडका त्यांनी दरबारात नेऊन दिला. या नोंदीत पुढच्या हजार वर्षांचं बीज आहे. सुगंधाची पहिली ओळख सामान्य माणसांना झाली, पण मालकी लगेच दरबाराकडे गेली.

मालकीचं दुसरं उदाहरण तर फार बोलकं आहे. नारा शहरातल्या तोदाइजी मंदिराच्या शोसोइन नावाच्या कोठारात अगुरूचा एक प्रचंड ओंडका आजही जपून ठेवलेला आहे. लांबी १५६ सेंटिमीटर, वजन साधारण साडेअकरा किलो. नाव 'रांजाताई'. हे नाव ज्या तीन चिनी अक्षरांत लिहितात, त्या अक्षरांच्या पोटात 'तो-दाइ-जी' ही मंदिराच्या नावाची अक्षरं लपवलेली आहेत. ओंडक्यावर ठिकठिकाणी कापल्याच्या खुणा आहेत, आणि त्यांतल्या तीन जागी चिठ्ठ्या लावल्या आहेत. हा तुकडा शोगुन आशिकागा योशिमासाने घेतला, हा ओदा नोबुनागाने, हा सम्राट मेइजीने. नोबुनागाने तुकडा कापून घेतला तो १५७४ मध्ये. देश तलवारीच्या जोरावर ताब्यात घेत असताना त्याला चार बोटांएवढं लाकूड कशासाठी हवं होतं? सुगंधाची हौस असेलही. पण ते लाकूड कापण्यासाठी सम्राटाची परवानगी लागायची, आणि ती आपल्याला मिळते हे त्याला जगाला दाखवायचं होतं. सुगंध इथे सत्तेची मोहोर झाला.

आता दरबाराकडे येऊ. अकराव्या शतकाच्या आरंभी मुरासाकी शिकिबु या दरबारातल्या स्त्रीने 'गेंजी मोनोगातारी' ही महाकादंबरी लिहिली. तिचे चोपन्न अध्याय आहेत. बत्तिसाव्या अध्यायाचं नाव 'उमेगाए', म्हणजे उमे वृक्षाची फांदी. या अध्यायात राजपुत्र गेंजी आपल्या मुलीच्या वयात येण्याच्या समारंभाची तयारी करतो आहे, आणि त्यासाठी घरातल्या स्त्रियांना तो धूप तयार करायला सांगतो. त्या काळचा धूप म्हणजे अनेक द्रव्यं कुटून, मधासारख्या चिकट पदार्थात मळून केलेल्या गोळ्या. प्रत्येकीची कृती वेगळी आणि गुप्त. मग गेंजीचा भाऊ, राजपुत्र होतारू, याला परीक्षक नेमतात. तो एकेक धूप हुंगतो आणि प्रत्येकाचं इतकं कौतुक करतो की निकाल काही लागत नाही. सोयऱ्यांच्या घरी पाहुण्याने वाद टाळावा, तसं.

हा प्रसंग जपानी मनात घर करून बसला. पुढच्या काळात धूपसभा म्हटली की लोकांना 'गेंजी' आठवे. पण एक फरक लक्षात ठेवा. गेंजीच्या काळातला धूप मिश्रणाचा होता आणि कस लागायचा तो तयार करणाऱ्याचा. आपल्या चित्रांतली सभा वेगळी आहे. तिथे काही मिसळायचं नाही. एकट्या लाकडाचा लहानसा तुकडा तापवायचा, आणि कस लागतो तो घेणाऱ्याचा.

हा बदल पंधराव्या-सोळाव्या शतकात झाला, आणि तो झाला तो काळ सुखाचा नव्हता. १४६७ ते १४७७ या दहा वर्षांच्या ओनिन युद्धात क्योतो शहराची राखरांगोळी झाली. दरबारी घराण्यांची जमीन गेली, उत्पन्न गेलं. उरली ती विद्या. सांजोनिशी सानेताका हा दरबारी विद्वान १४५५ ते १५३७ या काळातला. 'गेंजी'चा मोठा जाणकार. धूपविद्येची 'ओइए' शाखा त्याला आपला आद्यपुरुष मानते. दुसरी मोठी शाखा शिनो सोशिन याची, ती योद्ध्यांच्या वर्तुळात वाढली. म्हणजे बघा, हातातलं राज्य गेल्यावर दरबाराने अभिरुचीचं राज्य उभं केलं. पुढे १६१५ मध्ये तोकुगावा सत्तेने दरबारासाठी नियमावलीच काढली. सम्राटाने काय करावं, तर सर्वांत आधी विद्याभ्यास. थोडक्यात सांगायचं तर, राज्य आम्ही बघतो, तुम्ही कविता आणि कला सांभाळा.

आता प्रत्यक्ष सभेत काय चालतं ते बघू, म्हणजे चित्रातल्या वस्तू बोलू लागतील. लहान भांड्यात बारीक मऊ राख भरलेली असते. राखेच्या पोटात पेटलेला कोळसा पुरतात, वरून राख डोंगरासारखी निमुळती करतात, काडीने तिच्यावर रेघा ओढतात आणि आतली धग वर यावी म्हणून माथ्यापासून एक बारीक छिद्र पाडतात. त्या माथ्यावर अभ्रकाची लहानशी चकती. चकतीवर लाकडाचा कपटा. किती लहान? मौल्यवान लाकडाच्या कपट्याला जपानीत घोड्याच्या शेपटीच्या केसाची आणि डासाच्या पायाची उपमा आहे!

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. लाकूड निखाऱ्याला लागत नाही. ते जळत नाही, नुसतं तापतं. त्यामुळे धूर होत नाही. आपल्या मनात धूप म्हटलं की धुराची वलयं येतात, देवघर येतं. या सभेत धूर झाला तर चूक झाली असं समजतात. मग चित्रकाराची पंचाईत बघा. वास तर काढता येतच नाही, पण वासाची खूण म्हणून धुराची एखादी रेघ काढावी, तर तीही सोय नाही. त्याच्या हाती उरतो फक्त माणसाचा चेहरा आणि हात. म्हणून या चित्रांत सगळं लक्ष त्या झुकलेल्या मानेत एकवटतं. चित्रकार वास दाखवत नाही, वास घेणाऱ्याचं भान दाखवतो.

या क्रियेला जपानीत 'धूप ऐकणं' म्हणतात. हे ऐकून आपण हुरळून जातो, मोठी कविता वाटते. थोडं सबुरीने घेऊ. ज्या चिनी अक्षराने हा शब्द लिहितात, त्याचा मूळ अर्थ ऐकणं, आणि चिनी भाषेत पुढे त्यालाच हुंगणं हाही अर्थ आला. तेव्हा शब्द भाषेच्या ओघात आलेला आहे. पण धूपविद्येच्या लोकांनी तो हौसेने उचलला आणि जपला, हेही तितकंच खरं. हुंगणं ही जनावराचीही क्रिया आहे. ऐकण्यासाठी मात्र गप्प बसावं लागतं.

आम्ही तत्त्वज्ञान शिकवणारी मंडळी, त्यामुळे इथे थोडं थांबल्याशिवाय राहवत नाही. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात नाकाला मान कमी. इमॅन्युएल कांट यांनी १७९८च्या आपल्या मानवशास्त्रावरच्या ग्रंथात नाकाला इंद्रियांत सर्वांत खालची जागा दिली. त्यांची तक्रार अशी, की वास दुसऱ्यावर लादला जातो. डोळे मिटता येतात, वास टाळता येत नाही. म्हणून वास हा स्वातंत्र्याच्या विरुद्ध आहे. आपल्याकडे न्याय-वैशेषिकांनी गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानला, हा मोठाच मान. पण प्रकार मोजायची वेळ आली तेव्हा काय झालं? संस्कृत पाठशाळेत पहिल्यांदा शिकवतात ते अन्नंभट्टांचं 'तर्कसंग्रह' काढून बघा. रूप सात प्रकारचं, रस सहा प्रकारचा, स्पर्श तीन प्रकारचा. आणि गंध? दोनच. सुवास आणि दुर्वास. संपलं!

याचं कारण अन्नंभट्टांचा आळस नव्हे. अडचण खरी आहे. वासाला स्वतःची नावं फार थोडी असतात. मराठी त्या मानाने श्रीमंत आहे. खमंग, कुबट, खवट, उग्र, दर्प, घमघमाट हे शब्द आपल्याकडे आहेत. पण यांतले बरेचसे वास चांगला का वाईट, कमी का जास्त, एवढंच सांगतात. नेमका वास सांगायचा झाला की आपण म्हणतो, मोगऱ्याचा, पहिल्या पावसाचा, नव्या पुस्तकाचा. वस्तूचं नाव उसनं घेतल्याशिवाय वासाला नाव मिळत नाही. म्हणून वास ज्याचा त्याच्या नाकापाशी राहतो. मला आला तसाच तुम्हाला आला का, हे ठरवायचं कसं?

धूपविद्येने या अडचणीवर तीन युक्त्या काढल्या. पहिली युक्ती जिभेकडून उसनवारीची. लाकडाच्या वासाचं वर्णन पाच चवींनी करतात. गोड, आंबट, तिखट, खारट, कडू. दुसरी युक्ती देशांच्या नावांची. लाकडाचे सहा वर्ग केले आणि त्यांना दूरच्या बंदरांची, मुलखांची आठवण देणारी नावं दिली. 'सुमोतारा' या नावात सुमात्रा ऐकू येतंच. सर्वांत श्रेष्ठ वर्ग 'क्यारा', आणि या शब्दाचं मूळ संस्कृतात शोधतात. लाकूड व्हिएतनामसारख्या देशांतून यायचं, नाव भारतातून, आणि पारख क्योतोत व्हायची.

तिसरी युक्ती सर्वांत बुद्धिमान. नाव देऊच नका, फक्त सारखं का वेगळं एवढं सांगा! यातून 'गेंजी-को' हा खेळ तयार झाला, आणि तो एदो काळात फार लोकप्रिय झाला. पाच प्रकारची लाकडं, प्रत्येकाच्या पाच पुड्या, एकूण पंचवीस. त्या मिसळायच्या आणि त्यातल्या कोणत्याही पाच उचलायच्या. एकामागून एक पाच वेळा भांडं फिरतं. प्रत्येकाने मनाशी ठरवायचं, यातले कोणते सारखे होते आणि कोणते वेगळे. मग कागदावर पाच उभ्या रेघा ओढायच्या, उजवीकडून डावीकडे. जे वास सारखे वाटले त्यांच्या रेघांचे माथे आडव्या रेघेने जोडायचे. झाली आकृती तयार.

अशा आकृत्या किती होतील? मोजून बघू. पाचही वेगळे, १. एकच जोडी सारखी, १०. दोन जोड्या, १५. तीन सारखे आणि बाकी दोन वेगवेगळे, १०. तीन एक आणि दोन एक, १०. चार सारखे, ५. पाचही सारखे, १. बेरीज ५२. 'गेंजी'चे अध्याय चोपन्न. पहिला आणि शेवटचा सोडून द्या, उरतात बरोबर ५२! मग प्रत्येक आकृतीला एकेका अध्यायाचं नाव दिलं. पाचही रेघा सुट्या असतील तर दुसरा अध्याय, 'हाहाकिगी'. पाचही जोडलेल्या असतील तर त्रेपन्नावा, 'तेनाराई'. खेळणाऱ्याने उत्तर म्हणून फक्त अध्यायाचं नाव लिहायचं. पाचही बरोबर आले तर नोंदपत्रकात त्याच्या नावाखाली 'रत्न' या अर्थाचं अक्षर लिहितात.

या मोजणीत जपानी गणितज्ञांनाही रस वाटला. कुरुमेचा सरदार आरिमा योरियुकी हा स्वतः गणितज्ञ होता. त्याने १७६९ मध्ये छापलेल्या ग्रंथात अशा गटवारीच्या संख्यांचा विचार केला आहे. इथे आपल्या वराहमिहिराची आठवण येणं अपरिहार्य आहे. सहाव्या शतकातल्या 'बृहत्संहिते'त गंधयुक्तीचं प्रकरण आहे. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली तर किती मिश्रणं होतील, याचं उत्तर तो १८२० असं अचूक देतो. दोन संस्कृतींत सुगंधाचा विचार करता करता माणसं गणितापाशी पोहोचली, हा मोठा मजेचा भाग आहे. जे शब्दांत पकडता येत नाही, ते मोजून तरी पकडावं, अशी ती धडपड.

आता छापखान्याकडे वळू. बहुरंगी छपाई १७६५ च्या सुमारास एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, सुरू झाली. सुझुकी हारुनोबु हे त्यातलं पहिलं मोठं नाव. चित्रकार रेखाटन करायचा, कोरणारा चेरीच्या फळ्यांवर ते कोरायचा, प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा, छापणारा कागद ठशांवर एकेक करून दाबायचा, आणि प्रकाशक पैसा घालायचा. म्हणजे एका चित्रामागे चार हात. एका संचातून शेकड्यांनी, हजारांनी प्रती निघत.

या चित्रांचं गिऱ्हाईक कोण? शहरातला व्यापारी, कारागीर, त्यांच्या घरच्या बायका. यांच्याकडे पैसा होता, प्रतिष्ठा नव्हती. क्योतोच्या दरबाराकडे प्रतिष्ठा होती, पैसा नव्हता. मध्ये धूपविद्या उभी. मोठ्या घरच्या मुलीच्या रुखवतात धूपाचा सरंजाम असायचा. शोगुन इएमित्सुच्या मुलीचं १६३९ मध्ये लग्न झालं, तेव्हा तिला दिलेली सोन्याच्या लाखकामाची सामग्री नागोयाच्या तोकुगावा संग्रहालयात आहे. तिच्यावरचं नक्षीकाम 'गेंजी'च्या 'हात्सुने' या अध्यायावर बेतलेलं, आणि त्यात धूपाची उपकरणंही आहेत. व्यापाऱ्याच्या मुलीला ते सोनं कुठलं मिळायला? पण चित्र मिळत होतं.

त्यातही राजकारण होतंच. सत्ताधाऱ्यांची चित्रं काढायला बंदी. हिदेयोशीच्या चरित्रातली दृश्यं काढली म्हणून १८०४ मध्ये उतामारोसारख्या मोठ्या चित्रकाराला पन्नास दिवस हातकड्या घातल्या गेल्या. मग लेखक-चित्रकारांनी आडवाट काढली. र्यूतेई तानेहिको या लेखकाने १८२९ पासून 'निसे मुरासाकी इनाका गेंजी' नावाची सचित्र कादंबरी हप्त्याहप्त्याने काढली. नावाचा मथितार्थ, 'नकली मुरासाकीचा गावठी गेंजी'. नायक जुन्या आशिकागा घराण्यातला, पण लोक कुजबुजू लागले की हे तर आजच्या शोगुनच्या अंतःपुराचं वर्णन. चित्रं होती उतागावा कुनिसादाची. शहरात नुसतं वेड लागलं. १८४२ मध्ये सरकारने पुस्तकावर बंदी आणली, आणि त्याच वर्षी तानेहिको वारला. त्याच सुमारास छापील चित्रांवरही नियम आले. नटांची आणि गणिकांची चित्रं नकोत, तीन कागदांपेक्षा मोठं चित्र नको, रंगांचे ठसे सात-आठच, किंमत सोळा मोनच्या वर नको. सोळा मोन म्हणजे साधारण एक वाडगा सोबा शेवयांची किंमत.

याच दशकात कुनिसादाने 'गेंजी-को नो झु' ही माला काढली, म्हणजे 'गेंजी-कोच्या आकृत्या'. एकेका अध्यायाचं एकेक चित्र, आणि सोबत त्या अध्यायाची पाच रेघांची खूण. नट काढायचा नाही, गणिका काढायची नाही, पण हजार वर्षांपूर्वीचा राजपुत्र काढायला कोण हरकत घेणार? आणि ती पाच रेघांची खूण? धूपाच्या खेळातून निघालेली ती आकृती आता चित्रांच्या कोपऱ्यात आली, किमोनोवर आली, पंख्यावर आली, मिठाईवर आली, घराण्यांची चिन्हं झाली. ज्याने आयुष्यात क्याराचा वास घेतला नाही, त्यालाही ती बघून कळायचं की हा अमुक अध्याय.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. दुर्मिळ गोष्ट सगळ्यांची झाली का? दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे बोलायला हवं.

एक बाजू अशी. क्यारा सगळ्यांचा झाला नाही, होऊही शकत नव्हता. सोळा मोन देणाऱ्या माणसाला सुगंध मिळाला नाही, सुगंधाची आकृती मिळाली. यात फसवणूक आहे असं कोणी म्हटलं तर त्याला लगेच खोडून काढता येणार नाही. श्रीमंतांच्या ताटाचं चित्र गरिबाच्या भिंतीवर लावून भूक भागत नाही. शिवाय ज्या जंगलांतून हे लाकूड यायचं, तिथली माणसं या चित्रात कुठेच नाहीत. त्या मागणीचा भार झाडांनी सोसला. अक्विलारियाची एक मुख्य जात १९९५ मध्ये आणि पुढे २००४ मध्ये तिचं सगळं कुळ, आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या वनस्पतींच्या यादीत घालावं लागलं. राळ आत आहे का हे बाहेरून ओळखणं कठीण, म्हणून निरोगी झाडंही तोडली जातात. आपण आधी म्हटलं ते इथे पुन्हा आठवा. हा सुगंध झाडाच्या दुखण्यातून येतो.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. त्या खेळात एक विलक्षण गोष्ट होती. उत्तर गुपचूप लिहायचं, आणि बरोबर काय ते नंतर उघड करायचं. तिथे हुद्दा उपयोगाचा नाही. सरदाराचं नाक सरदार म्हणून बरोबर ठरत नाही. खेळाच्या त्या घटकेपुरता तरी प्रत्येकजण आपापल्या एकाग्रतेच्या बळावर बसलेला असतो. आणि ही एकाग्रता शिकता येते. ती महाग नाही. चित्राने जे हजारो घरांत नेलं ते हेच, बसण्याची, थांबण्याची, लक्ष देण्याची एक रीत. लाकूड जळून संपतं. रीत वाटल्याने संपत नाही, उलट वाढते. जंगलातला कपटा कोणा एकाचा. पण पाच रेघा कोणीही ओढाव्यात.

म्हणून कांट यांच्या तक्रारीला या चित्रातून एक उत्तर निघतं असं आम्हाला वाटतं. वास लादला जातो हे खरं, पण तो लादलाच गेला पाहिजे असं नाही. भांडं पाळीपाळीने हातात येतं. प्रत्येकजण आपल्यापुरतं घेतो आणि पुढे देतो. दुसऱ्याच्या नाकात काही कोंबलं जात नाही. इंद्रियांतलं सर्वांत हट्टी इंद्रिय इथे सभ्यता शिकतं.

आणि अन्नंभट्टांच्या दोन प्रकारांचं काय? सुवास आणि दुर्वास ही विभागणी निवाडा करणाऱ्याची आहे. गेंजी-कोमध्ये निवाडा नाही. कोणता वास चांगला हे विचारतच नाहीत. विचारतात, आत्ताचा आणि मघाचा एकच का? या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर मघाचा वास मनात जपून ठेवावा लागतो. त्या स्त्रीची मान झुकली आहे ती आठवण्यासाठी. यापुढे असं एखादं चित्र समोर आलं, तर त्या मिटल्या ओठांकडे आणि भांड्यावर धरलेल्या हाताकडे बघा. त्या हातात धूप आहे, हे आपल्याला फक्त तिच्या शांतपणावरून कळतं.

आज इथेच थांबू. कोणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.